'मुलांना ओळखू आला पाहिजे' म्हणणाऱ्या कार्टूनवाल्यांना खुलं पत्र

मुलांसाठी कार्टून लिहिणाऱ्या, काढणाऱ्या आणि ती चॅनेलवर लावायची की नाही हे ठरवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, अठरा वर्षं झाली. गेल्या वर्षी तुमच्यापैकीच एका स्टुडिओने मला नव्या मालिकेसाठी विज्ञान सल्लागार म्हणून बोलावलं आणि मला मनापासून आनंद झाला, कारण मी कार्टून बघतच मोठी झालेय. रात्री जागून तीन पानं नोट्स काढल्या. मालिकेत एक शास्त्रज्ञ होता. पांढरा कोट, विजेचा झटका बसल्यासारखे उभे पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, तळघरात एकटाच राहणारा, हातात धूर निघणारी हिरवी परीक्षानळी आणि दर दोन-तीन वाक्यांनंतर ते गडगडाटी हसणं. मी लिहिलं की याला थोडं माणसात आणूया, त्याच्याबरोबर काम करणारी चार माणसं दाखवूया, त्यात बायकाही असू देत, आणि प्रयोग फसू दे पण दरवेळी स्फोट होऊनच फसायला नको. दोन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: "मॅडम, पॉइंट्स छान आहेत, पण डिझाइन लॉक झालंय, आणि असा नसेल तर मुलांना तो सायंटिस्ट आहे हे ओळखू कसं येणार?"

मालिका आली. तो जसा होता तसाच आहे, एक केससुद्धा इकडचा तिकडे झालेला नाही. आणि शेवटी नावं सरकतात त्यात 'विज्ञान सल्लागार' म्हणून माझं नाव येतं. गप्प बसले तर त्याला माझी संमती आहे असा अर्थ होतो, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आणि फक्त त्या एका स्टुडिओला लिहून उपयोग नाही, कारण हेच उत्तर तुमच्यापैकी बहुतेकांनी दिलं असतं असं मला वाटतं.

'ओळखू कसं येणार' हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. ओळखायला शिकवलं कोणी? डॉक्टर मुलांनी पाहिलेला असतो, बाई-सर रोज भेटतात, ड्रायव्हर माहीत असतो, पण प्रत्यक्ष शास्त्रज्ञाशी बोललेलं मूल क्वचितच सापडतं. मग त्या रिकाम्या जागेत जे चित्र जाऊन बसतं ते तुम्ही दिलेलं असतं. आधी तुम्हीच दाखवायचं की शास्त्रज्ञ असा दिसतो, आणि मग मुलं असाच ओळखतात म्हणून आम्ही असाच काढतो असं म्हणायचं. हे चक्र पाच-सहा वर्षांची पोरं थांबवू शकत नाहीत, ते तुम्हालाच थांबवावं लागेल.

हे मी हवेत बोलत नाहीये. १९५७ साली मार्गारेट मीड आणि रोडा मेट्रो या दोघींनी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या सुमारे ३५,००० विद्यार्थ्यांकडून शास्त्रज्ञाबद्दल लिहून घेतलं होतं, तेव्हाही उत्तर हेच होतं: पांढरा कोट घातलेला, चष्मा लावणारा, प्रौढ किंवा म्हातारा पुरुष, प्रयोगशाळेत. नंतर डेव्हिड वेड चेंबर्स यांनी अजून सोपी गोष्ट केली, मुलांना कागद दिला आणि सांगितलं, शास्त्रज्ञ काढा. १९६६ ते १९७७ या काळात ४,८०७ मुलांनी चित्रं काढली. त्यातल्या फक्त २८ चित्रांत बाई होती, आणि ती सगळी २८ चित्रं मुलींची. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अगदी लहान, बालवाडीतल्या मुलांच्या चित्रात कोट-चष्मा-दाढी जवळपास नव्हतीच, दुसरीच्या आसपास ती यायला लागते आणि पाचवीपर्यंत वाढत जाते. म्हणजे हे चित्र मुलं शिकतात, वर्षावर्षाने, थोडं थोडं.

मी शाळांमधे बोलायला जाते तेव्हा हेच करते, आधी कागद वाटते, मग सांगते की मी कोण आहे. मागच्या वेळी चौथीच्या वर्गात एका मुलाने इतकं सुंदर चित्र काढलं होतं, सापासारख्या वळणाच्या नळ्या, बुडबुडे, आणि माणसाच्या डोळ्यांत गोल गोल चक्रं. मी विचारलं, हे काका काय करतायत रे? तो म्हणाला, सगळ्यांना माकड करायचं औषध. का पण? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की हा काय प्रश्न झाला. कारण नाहीच. शास्त्रज्ञ आहे म्हणून करतोय.

त्याच वर्गात एक मुलगी शेवटच्या बाकावर होती. तिच्या कागदावर कोट घातलेली आकृती होती, डोक्यावर आखूड केस, पण खांद्यांच्या दोन्ही बाजूंना कागद खरवडलेला दिसत होता. जवळ घेऊन बघितलं तर दोन लांब वेण्या काढून खोडलेल्या होत्या, पेन्सिल इतकी दाबून चालवलेली की खोडरबराने रेषा गेल्या तरी खोबणी राहिल्या होत्या, बोट फिरवलं तर लागत होत्या. विचारलं तेव्हा ती खाली बघून एवढंच म्हणाली, "आधी चुकलं होतं." मी तोपर्यंत सांगितलं नव्हतं की मी कोण आहे. ते मी आधीच का नाही सांगितलं याची मला आजही रुखरुख आहे.

आता माझ्या तक्रारी लिहिते, जशा सुचतायत तशा.

पहिली तक्रार मुलींबद्दलच. मी डेक्सटर्स लॅबोरेटरी जीव लावून बघितलंय, १९९६ पासूनचं ते कार्टून, आणि ते आजही मला आवडतं. पण आता आई म्हणून बघताना दिसतं की त्यात पुस्तकांच्या कपाटामागे लपवलेल्या लॅबमधे शोध लावतो तो मुलगा, आणि त्याची मोठी बहीण नाचत येते, बटण दाबते आणि सगळं मोडून टाकते, आणि हे एका भागात नाही तर पुन्हा पुन्हा. एकाच कार्टूनमधे असं असणं यात काही वावगं नाही, तो त्या भावंडांचा स्वभाव आहे. पण जेव्हा बहुतेक ठिकाणी शोध लावणारा तो आणि घोळ घालणारी, नाहीतर घाबरणारी, नाहीतर 'वॉव' म्हणणारी ती, असं होतं तेव्हा ते पोरींच्या वेण्यांपर्यंत पोचतं. २०१८ मधे अमेरिकेतल्या अशा ७८ अभ्यासांचा, २०,००० हून जास्त मुलांच्या चित्रांचा एकत्र हिशोब केला गेला. चेंबर्सच्या काळात एक टक्कासुद्धा नसलेलं बाईचं प्रमाण १९८५ नंतरच्या अभ्यासांत सरासरी २८ टक्क्यांवर आलं होतं. त्याच काळात विज्ञानात बायका वाढल्या होत्या आणि मुलांच्या मासिकांत, टीव्हीवर त्या दिसायलाही लागल्या होत्या. म्हणजे चित्र बदलतं, बदलू शकतं, हे मला फार धीर देणारं वाटतं. पण त्याच अभ्यासात हेही आहे की सहा वर्षांच्या मुली साधारण ७० टक्के वेळा शास्त्रज्ञ म्हणून बाईच काढतात, आणि सोळा वर्षांच्या मुलींची साधारण ७५ टक्के चित्रं पुरुषाची असतात. या दहा वर्षांत शाळा आहे, घर आहे, पुस्तकं आहेत, सगळंच तुमच्यामुळे होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण या दहा वर्षांतल्या संध्याकाळी मुलं कुणाबरोबर बसलेली असतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

आणि कृपया, पुरुषाचंच डिझाइन घेऊन त्याला गुलाबी चष्मा आणि पापण्या लावल्या की झाली बाई, असं करू नका.

दुसरी तक्रार, एकटेपणा. तुमचा शास्त्रज्ञ एकटा असतो, फार तर त्याला एक बावळट मदतनीस असतो. खऱ्या कामात एकटं काहीच होत नाही. हिग्ज बोसॉन या अणूहूनही सूक्ष्म कणाचं वस्तुमान नेमकं किती यावर २०१५ मधे एक शोधनिबंध आला, त्याचे लेखक ५,१५४. त्या ३३ पानांमधली २४ पानं नुसती माणसांची आणि संस्थांची नावं आहेत. हे टोकाचं उदाहरण आहे मान्य, माझ्या निबंधांवर सात-आठ नावं असतात, पण एकटं नाव मी कित्येक वर्षांत बघितलेलं नाही. माझ्या लॅबमधे दिवसभर बडबड चालू असते, कोणाचं तरी मशीन बिघडलेलं असतं, कोणीतरी कोणाच्या तरी ग्राफमधली चूक काढत असतं आणि त्यावरून वाद होतो आणि त्या वादातूनच बरंचसं काम पुढे जातं. ज्या मुलाला माणसं आवडतात, गप्पा आवडतात, त्याला तुमचं कार्टून बघून असं वाटतं की विज्ञान माझ्यासाठी नाही, ते एकलकोंड्यांसाठी आहे. अशी मुलं आमच्या हातून जातात आणि ती गेली हे कुठे मोजलंही जात नाही.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात जास्त बोचते. तुमच्याकडे शोध अपघाताने आणि अकरा मिनिटांत लागतो. दोन रंगीत पाणी एकत्र, धूर, धडाम, आणि तयार. पेनिसिलिनची गोष्ट तुम्ही मंडळी नेहमी अशीच सांगता, फ्लेमिंगच्या बशीवर बुरशी पडली आणि औषध सापडलं. बुरशी दिसली १९२८ मधे. माणसावर त्याचा खरा उपचार झाला १९४१ मधे, मधली तेरा वर्षं कुठे गेली? ऑक्सफर्डमधे फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी मिळेल त्या भांड्यात बुरशी वाढवली, हॉस्पिटलातल्या बेडपॅनमधेसुद्धा. ती सांभाळायला सहा मुली होत्या. पहिला पेशंट एक पोलीस होता, तो सुधारायला लागला, पण औषध इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा त्याला द्यायचे. तरीही पुरलं नाही, आणि तो गेला. मी ही गोष्ट मुलांना सांगते तेव्हा वर्ग चिडीचूप होतो. बेडपॅनला हसतात आणि पोलीस गेला म्हटल्यावर दोघंतिघं विचारतात, मग पुढे? यात स्फोट कुठेच नाही, तरी कोणी जागचं हलत नाही. मुलांना कंटाळा येईल ही तुमची भीती आहे, मुलांची नाही.

माझं स्वतःचं काम सांगू? मी अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जिवाणूंवर काम करते. ९६ खळग्यांची हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट असते, एकेका खळग्यात पिपेटने थेंब सोडायचा, आठ रांगा बारा ओळी, मधेच कोणी हाक मारली आणि कुठल्या खळग्यावर होतो ते विसरलं की ती प्लेट टाकून द्यायची आणि पहिल्यापासून. मग ३७ अंशाच्या उबदार कपाटात रात्रभर ठेवायची. सकाळी त्या कपाटाचं दार उघडताना, अठरा वर्षं झाली तरी, माझ्या छातीत धडधडतं. कुठला खळगा गढूळ झालाय, म्हणजे जिवाणू वाढलेत, आणि कुठला स्वच्छ राहिलाय एवढंच बघायचं असतं. बहुतेक वेळा मला हवं ते नसतं. मग बसून विचार करायचा, माझा अंदाज चुकला की माझा हात? आणि हवं ते आलं तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही, तीनदा करून बघायचं. या 'मी चुकतेय का' ला तुमच्या एकाही शास्त्रज्ञाकडे जागा नाही. तो एकतर सर्वज्ञ असतो नाहीतर वेडा असतो.

चौथी तक्रार, खलनायक. १९३३ च्या मिकी माउसच्या 'द मॅड डॉक्टर' मधे एक डॉक्टर प्लूटोचं डोकं कोंबडीच्या धडाला लावायला निघालेला असतो. १९४१ मधे सुपरमॅनची पहिली कार्टून फिल्म आली, तिच्यात सुपरमॅनसमोर उभा राहतो तो वेडा शास्त्रज्ञच. तेव्हापासून आजपर्यंत जग जिंकायला निघालेल्या माणसाच्या मागे भिंतीवर परीक्षानळ्या असतातच. त्याला हे का करायचंय हे सांगायची गरजही कोणाला वाटत नाही, जसं त्या चौथीतल्या मुलाला वाटली नाही.

हे निरुपद्रवी आहे असं तुम्ही म्हणाल. मग व्यंगचित्रांचा इतिहास बघा. जेन्नरने देवीच्या लसीवरचं काम १७९८ मधे छापलं, ती लस गाईंना होणाऱ्या देवीपासून घेतलेली होती, आणि १८०२ मधे जेम्स गिलरेने एक व्यंगचित्र काढलं, लस टोचलेल्या लोकांच्या अंगातून, नाकातून, हातातून गाई बाहेर येतायत. काढलंय अप्रतिम, हात कसला तयार होता त्या माणसाचा. पण लसीची भीती म्हटलं की दोनशे वर्षांनंतरही तेच चित्र पुढे केलं जातं. ज्या रोगाविरुद्ध ती लस होती तो १९८० मधे जगातून गेला असं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, आणि चित्र अजून आहे. लोक लसीला का घाबरतात याची कारणं खूप आहेत, काही खरीही आहेत, शास्त्रज्ञांनी भयंकर गोष्टी केलेल्याही आहेत आणि त्या दाखवल्याच पाहिजेत. पण साथीच्या काळात जेव्हा आमच्यातलं कोणी टीव्हीवर येऊन कळकळीने काही सांगतं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात लहानपणापासून बसलेलं ते हसू आधीपासून असतं. 'हे लोक आपल्यावर प्रयोग करतायत' हे वाक्य मी माझ्या नात्यातल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय, माझ्याच तोंडावर.

कोटाबद्दल फार लिहीत नाही. लॅबमधे मी कोट घालते कारण जिवाणू अंगावर उडू शकतात, आणि टेबलाशी बसायला जाताना काढून ठेवते. गणितवाले, खगोलवाले, जंगलात फिरणारे, खडक फोडणारे यांना कामासाठी त्याची गरजच नसते. केसांचंही तेच. आइनस्टाइनने १९०५ मधे त्याचं सगळ्यात मोठं काम केलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, काळे केस, पेटंट ऑफिसातला नोकरदार. जेन गुडॉल १९६० मधे चिंपांझी बघायला आफ्रिकेतल्या गोम्बेला गेली तेव्हा तीही २६ चीच. तुम्ही मात्र सगळ्यांना म्हातारंच काढता.

अतिशयोक्ती करू नका असं मी सांगत नाहीये. कार्टून म्हणजेच वाढवून काढणं, नाक मोठं, डोळे मोठे, ते मला कळतं आणि आवडतं. माझं म्हणणं एवढंच आहे की वाढवायचं तर आमच्यात जे खरंच आहे ते वाढवा. एक गोष्ट घ्या. १९६७, केंब्रिज, जोसलिन बेल नावाची २४ वर्षांची पीएचडी करणारी मुलगी. ज्या रेडिओ टेलिस्कोपवर ती काम करत होती तो उभा करायला तिने स्वतः घण चालवलेला. मग त्या टेलिस्कोपमधून रोज साधारण ३० मीटर कागद बाहेर यायचा, रेषाच रेषा, आणि ती तो सगळा डोळ्यांखालून घालायची. त्यात तिला एक बारीकशी विस्कटलेली खूण दिसली, ताऱ्यासारखी नाही आणि माणसांच्या यंत्रांच्या गोंगाटासारखीही नाही. कोणीही सोडून दिली असती. तिने मागचे कागद काढून बघितलं, आकाशाच्या त्याच भागातून ती आधीही आली होती. कागद जोरात पळवून पुन्हा नोंद घेतली तर टिक, टिक, टिक, दर १.३ सेकंदाला एक ठोका. तो पहिला सापडलेला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारा तारा. आणि १९७४ चं नोबेल तिच्या गाईडला मिळालं, तिला नाही. यात काय नाहीये? रहस्य आहे, हट्ट आहे, अन्याय आहे, मैलोन्‌मैल पसरलेला कागद आहे, तुमच्या हातात दिला तर तो कागद खोलीभर, जिन्यावरून खाली, रस्त्यावर वाहत गेलेला तुम्ही काढाल आणि पोरं खिळून बघतील.

तर मागण्या अशा. शास्त्रज्ञ पात्र असेल तर आमच्यातल्या कोणालातरी डिझाइन लॉक व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही. प्रत्येक मालिकेत तिरसट किंवा दुष्ट शास्त्रज्ञ ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, पण त्याच मालिकेत एक साधा, धड माणसासारखा शास्त्रज्ञही ठेवा, नाव असलेला, पुन्हा पुन्हा येणारा, आणि खलनायक शास्त्रज्ञ असेल तर तो तसा का झाला हे सांगा. बाई शास्त्रज्ञ असेल तर तिला प्रश्न पडू देत, तिला चुकू दे आणि तिला शोध लावू दे. एखादा प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा करताना दाखवा, एवढं केलंत तरी खूप झालं. 'मुलांना ओळखू येणार नाही' असं वाटत असेल तर आधी दहा मुलांना कोट नसलेला शास्त्रज्ञ काम करताना दाखवा आणि विचारा हा कोण, अंदाजाने ठरवू नका. आणि सल्ला घेतला नसेल तर सल्लागार म्हणून नाव लावू नका.

ज्या स्टुडिओने मला बोलावलं होतं त्यांच्या दुसऱ्या सीझनचं काम सुरू होतंय असं कळलंय. माझ्या तीन पानांच्या नोट्स तुमच्याकडे आहेत, नसतील तर पुन्हा पाठवते. चर्चेला मी येईन, मानधन नको. तुमच्या चित्रकारांना दोन दिवस आमच्या लॅबमधे बसून स्केचेस काढायची असतील तर त्याचीही परवानगी मी काढून ठेवली आहे. आणि यातलं काहीच करायचं नसेल तर दुसऱ्या सीझनच्या श्रेयनामावलीतून माझं नाव काढून टाका, आणि तसं लेखी कळवा.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि तुमची लहानपणापासूनची प्रेक्षक